पंडिता रमाबाईंचा उत्तरकाल

नाशिककडे उगम पावलेली गोदावरी पैठण ओलांडून मराठवाड्याच्या काळ्या मातीतून वाहत नांदेडला येते आणि तेथून पुढे तेलंगणात शिरते. या नदीच्या काठी म्हातारपण घालविण्याची चाल शेकडो वर्षांची आहे. हातपाय थकले, मुले आपापल्या संसाराला लागली, की उरलेले दिवस क्षेत्रावर काढावेत, नित्य स्नान घडावे, पुराणाचे चार शब्द कानी पडावेत आणि देह तेथेच ठेवावा, ही इच्छा जुन्या पिढीतील असंख्य माणसांनी उराशी बाळगली. नांदेडचा घाट काय किंवा लातूरच्या सिद्धेश्वराचे देऊळ काय, अशा थकलेल्या श्रोत्यांवाचून पुराणिकाची बैठक कधी भरलीच नाही. श्रोते म्हातारे आणि पुष्कळदा पुराणिकही म्हाताराच. ऐकणाऱ्याला पुण्य मिळे व सांगणाऱ्याला शिधा. या व्यवस्थेत वार्धक्याला एक जागा होती, एक मान होता. मात्र पाऊस पडेपर्यंतच ती व्यवस्था टिके. दुष्काळ पडला म्हणजे पहिल्याने आटे तो शिधा.

अशाच एका पुराणिकाच्या पोटी जन्मलेल्या स्त्रीने पुढे ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि आपले म्हातारपण एका निराळ्याच कामी लाविले. तिची कीर्ती तिच्या तारुण्याभोवतीच अधिक पसरली, हे खरे. पंडिता रमाबाई म्हटले म्हणजे कलकत्त्याच्या पंडितांना थक्क करणारी वीस वर्षांची संस्कृतज्ञ मुलगी, नाहीतर शारदासदनावरून पुण्यात उठलेले वादळ, एवढेच बहुतेकांना आठवते. त्यानंतरची सुमारे तीस वर्षे महाराष्ट्राने जणू पाहिलीच नाहीत. वस्तुतः रमाबाईंच्या श्रद्धेची खरी कसोटी त्याच काळात लागली.

या कथेचा आरंभही गोदेच्या काठीच होतो. अनंतशास्त्री डोंगरे हे कर्नाटकातील चित्पावन ब्राह्मण. पुण्यास रामचंद्रशास्त्री साठे यांच्यापाशी शिकत असताना, दुसऱ्या बाजीरावाच्या राणीला गुरुजी संस्कृत शिकवितात हे त्यांनी पाहिले आणि आपल्या पत्नीलाही शिकवावयाचे असे तेव्हाच मनाशी ठरविले. पहिल्या पत्नीच्या बाबतीत ते साधले नाही. पुढे विधुर झाल्यावर यात्रा करीत असता गोदावरीकाठच्या एका गावी स्नानाच्या वेळी एका यात्रेकरू गृहस्थाची त्यांची गाठ पडली. गोष्टी बोलता बोलता त्या गृहस्थाने आपली नऊ वर्षांची मुलगी त्यांना देऊ केली आणि दुसऱ्या दिवशी लग्नही लागले. वराचे वय ४४ होते. आज ऐकताना अंगावर शहारा यावा अशी ही हकीकत. परंतु त्या बालिकेला शास्त्रीबुवांनी संस्कृत शिकविले, त्यापायी धर्मपीठापुढे जाब देण्याचा प्रसंग आला तो दिला, आणि लोकांचा जाच नको म्हणून गंगामूळच्या अरण्यात बिऱ्हाड नेले, हीही त्याच हकीकतीची दुसरी बाजू आहे. त्या अरण्यात २३ एप्रिल १८५८ रोजी रमाबाईंचा जन्म झाला.

रमाबाई शिकण्याच्या वयाच्या झाल्या तोपर्यंत अनंतशास्त्री वृद्ध झाले होते. मुलीला शिकविण्याइतके त्राण त्यांच्यात उरले नव्हते. म्हणून हे काम आईने पत्करले. ज्या पत्नीला त्यांनी स्वतः अक्षरे गिरवून शिकविली होती, तीच आता मुलीला भागवत पाठ करवू लागली. मुलगी सहा महिन्यांची असतानाच हे कुटुंब देशोधडीला लागले होते. आल्यागेल्याचा पाहुणचार करता करता कर्ज झाले, जमीन गेली, आणि तान्ह्या मुलीला वेताच्या पेटाऱ्यात घालून सगळे यात्रेस निघाले. ती यात्रा पुढे सोळा वर्षे संपली नाही. देवळात बसून पुराण वाचावे, लोक देतील ते घ्यावे, त्यातले उरेल ते पुन्हा दानधर्मात व अनुष्ठानात घालावे, हा क्रम. पोटासाठी दुसरा धंदा कोणी शिकला नव्हता. पंडितांच्या मुलांनी तो शिकावयाचा नसतो अशीच सर्वांची समजूत होती.

१८७४ साली दक्षिणेत अन्नान्न दशा झाली तेव्हा अनंतशास्त्री ७८ वर्षांच्या आसपास होते. डोळे गेले होते. होते नव्हते ते भांडेकुंडे, कपडे, दागिने विकून झाले. द्रव्य मिळावे म्हणून केलेली अनुष्ठाने फुकट गेली. अखेर एका पवित्र तीर्थात जलसमाधी घ्यावी असा विचार शास्त्रीबुवांनी केला आणि मुलांचा निरोप घेण्यास आरंभ केला. रमाबाई धाकटी म्हणून तिचा निरोप शेवटी. आंधळ्या बापाने तिला घट्ट पोटाशी धरले. तिला आपण देवाच्या हाती सोपविले आहे, तिने त्याचीच सेवा करावी व सन्मार्गाने चालावे, अशा अर्थाचे काही शब्द त्याने उच्चारले. पुढे मुलाने मोलमजुरी करण्याची तयारी दाखविली आणि जलसमाधीचा बेत राहिला. पण म्हाताऱ्याची शक्ती संपली होती. थोड्याच दिवसांत ते वारले.

मागोमाग आई गेली. तापाच्या भरात तिला अन्नाची भूल पडे. एके दिवशी तिने मुलीला शेजारी बाजरीच्या भाकरीचा तुकडा मागावयास धाडले. रमाबाई गेल्या, पण तोंडातून शब्द फुटेना. डोळ्यांतून पाणी मात्र वाहू लागले. त्या शेजारणीने आपण होऊन भाकरी दिली. ती घेऊन आल्या तोवर आईला ती खाण्याचेही भान उरले नव्हते. प्रेत उचलण्यास चार माणसे मिळता मिळेनात. कसेबसे दोन ब्राह्मण आले, भाऊ झाला, आणि चौथा खांदा रमाबाईंनी दिला. त्या ठेंगण्या असल्यामुळे तिरडीची त्यांच्याकडील बाजू त्यांना डोक्यावर घ्यावी लागली. स्मशान कोसभराहून दूर होते.

रमाबाईंच्या पुढील आयुष्याचे धागे या दोन मृत्यूंत आहेत. धर्मोपदेशकाला येथे एक सोपे तात्पर्य काढता येईल, आणि कित्येकांनी ते काढलेही आहे: बापाच्या देवांनी बापाला तारले नाही, म्हणून मुलीने देव बदलला. रमाबाईंनी मात्र हा हिशेब इतका स्वस्त केला नाही. १९०७ साली आपल्या श्रद्धेची साक्ष म्हणून त्यांनी एक इंग्रजी पुस्तिका लिहिली, तेव्हा व्यर्थ गेलेल्या व्रतांवर व दानांवर त्यांनी कडक टीका केली खरी. परंतु आंधळ्या बापाचे ते अखेरचे शब्द त्यांनी फार ममतेने नोंदवून ठेविले. आपल्याला देवाच्या हाती कोणी दिले, हे त्या विसरल्या नाहीत. मिशनऱ्यांच्या शिकवणीआधी त्या हाती एका वैदिक ब्राह्मणाने त्यांना सोपविले होते, असेच त्यांच्या लेखनावरून वाटते.

मधल्या वर्षांचा वृत्तांत वाचकांस परिचयाचा आहे. भाऊ श्रीनिवास याच्यासह पायी भ्रमंती, १८७८ साली कलकत्त्यास आगमन, 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्या, १८८० साली भावाचा मृत्यू, बिपिनबिहारी दास मेधावी या कायस्थ वकिलाशी विवाह, मनोरमेचा जन्म आणि १८८२ साली वैधव्य. चोवीस वर्षांचे वय होईतो बाप, आई, बहीण, भाऊ आणि पती असे पाच मृत्यू या स्त्रीने पाहिले. नंतर पुण्यात आर्य महिला समाज, 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक आणि १८८३ साली विलायत.

विलायतेस वाँटेज येथील मठात असताना २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्याला प्रत्यक्ष निमित्त घडले ते कोणत्याही व्याख्यानाचे नव्हे. लंडनजवळ फुलहॅम येथे पतित ठरविलेल्या स्त्रियांसाठी मठातील भगिनी एक आश्रम चालवीत. तो रमाबाईंनी पाहिला. ज्या स्त्रियांची सावली टाळण्यास आपल्या समाजात शिकविले जाते त्यांचीच हे लोक शुश्रूषा करतात, याचे त्यांना नवल वाटले, व त्यामागचे कारण विचारता योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी बाईची गोष्ट त्यांना दाखविण्यात आली. हा धर्म स्त्रीलाही मोकळा आहे, असे त्यांच्या मनाने घेतले. परंतु मान तुकविणे हा त्यांचा स्वभाव नव्हता. त्रैक्य, चर्चचा अधिकार, मुलीला काय शिकवावे, अशा अनेक बाबतींत मठातील सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांची जी पत्रापत्री झाली, ती वाचताना पंडिताची मुलगी कोणाही गुरूचे वाक्य न तपासता घेत नाही हे ध्यानी येते. स्वतः त्यांनीच पुढे लिहिले आहे की बाप्तिस्म्याच्या वेळी आपणास ख्रिस्ताचा धर्म सापडला, ख्रिस्त सापडावयास आणखी आठ वर्षे गेली.

ती आठ वर्षे भरत आली तेव्हा त्या हिंदुस्थानात शारदासदन चालवीत होत्या. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस निघालेली ही शाळा पुढच्या वर्षी पुण्यास आली. विधवांच्या शिक्षणासाठी पहिले धडाडीचे पाऊल म्हणून सुधारकांनी तिचे कौतुक केले. मुलींना बाईंच्या प्रार्थनेला बसण्याची मोकळीक आहे असे दिसताच १८९३ साली 'केसरी'ने रान उठविले, आणि रानडे, भांडारकर आदी सल्लागार मंडळीही बाजूस झाली. कित्येक पालकांनी मुली काढून नेल्या. त्या वादात दोन्ही पक्षांकडे थोडेबहुत सत्य होते, असे आता शांतपणे म्हणता येईल. पण महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनातून रमाबाईंचे नाव जवळजवळ पुसले गेले, हा त्याचा परिणाम काही कोणाच्या लाभाचा झाला नाही.

१८९६ साली मध्यप्रांतात दुष्काळ पडला. वीस-बावीस वर्षांपूर्वीची आपली दशा ज्या स्त्रीला क्षणोक्षणी आठवत होती, ती स्वस्थ बसणे शक्यच नव्हते. त्या स्वतः दुष्काळी मुलखात गेल्या आणि उपासमारीने अस्थिपंजर झालेल्या सुमारे तीनशे मुली व तरुण विधवा घेऊन परतल्या. पुण्यात तेव्हा प्लेगची बंदी. म्हणून पुण्यापासून चौतीसएक मैलांवर, केडगाव स्टेशनाजवळ फळबागेसाठी घेऊन ठेवलेल्या जमिनीवर त्यांना उतरविले. तेच १८९८ पासून मुक्तिसदन झाले. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तेथील वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. शेती, गोठा, विणकाम, शिवण, तेलघाणा, छापखाना, सर्व कामे स्त्रियाच करीत. देवळात बसून शिध्याची वाट पाहण्याचे शिक्षण ज्यांना मिळाले होते, त्या बाईंनी आपल्या मुलींना हाताला काम दिल्यावाचून एकही दिवस राहू दिले नाही. यात बापाच्या म्हातारपणाचा धडा दिसल्याशिवाय राहत नाही.

येथून त्यांचा उत्तरकाल सुरू होतो. त्याचे स्वरूप समजण्यास तीन गोष्टी लक्षात घ्याव्या लागतात. विलायतेत असतानाच त्यांना कमी ऐकू येऊ लागले होते. वैद्यकी शिकण्याचा बेत त्यामुळेच सोडावा लागला होता. वाढत्या वयाबरोबर हे बहिरेपण इतके बळावले की समोरच्याचे बोलणे समजणे कठीण झाले. ज्या स्त्रीचे सगळे वैभव वाणीत होते, जिच्या तोंडून संस्कृत ऐकण्यास सभा भरत, तिला आता सभेत बसणेच निरर्थक झाले. दुसरे असे की, अमेरिकेतील रमाबाई असोसिएशनने दहा वर्षांपुरते पत्करलेले साहाय्य १८९८ साली संपले. नवी व्यवस्था झाली, पण इतक्या माणसांचा खर्च ठरावीक रकमेत भागणारा नव्हता. तो रोजच्या रोज प्रार्थनेवर व येईल त्या देणगीवर चाले. म्हणजे शिध्याची अनिश्चितता घरी परत आलीच. आणि तिसरे, सार्वजनिक मान्यता. ती त्यांनी मागितली नाही व महाराष्ट्राने दिलीही नाही. सरकारने १९१९ साली कैसर-ए-हिंद पदक दिले, त्याने केडगावच्या दिनक्रमात काही फरक पडल्याचे दिसत नाही.

बहिरेपण, अनिश्चित मिळकत, एकटेपणा. वार्धक्याची ही नेहमीचीच देणी आहेत आणि ती फेडण्याच्या दोन वाटा लोक सहसा धरतात. कोणी कुरकुर करतो, कोणी देवदेव करतो. रमाबाईंनी देवदेव पुष्कळ केला. १९०५ साली मुक्तिसदनात जे मोठे धार्मिक जागरण झाले, शेकडो मुली रडत, प्रार्थना करीत रात्री जागवू लागल्या, त्याच्या मुळाशी त्यांचीच नित्याची प्रार्थना होती. परंतु देवाचे नाव घेऊन हात जोडून बसणे त्यांना ठाऊक नव्हते. पन्नाशीच्या उंबरठ्यावर त्यांनी एक नवे काम हाती घेतले. संपूर्ण बायबल मूळ भाषांवरून मराठीत आणावयाचे, आणि तेही एकटीने.

मराठी बायबल तोवर नव्हते असे नाही. श्रीरामपूरच्या केरीसाहेबाच्या मंडळीने १८११ सालीच नवा करार मराठीत छापला होता. अमेरिकन मिशनऱ्यांनी १८२६ साली मुंबईस आपला वेगळा काढला. बायबल सोसायटीची सुधारलेली आवृत्ती सर्वत्र चालू होती. रमाबाईंचा तिच्यावर आक्षेप दुहेरी होता. एक तर तिची भाषा संस्कृतप्रचुर. दुसरे, त्या संस्कृत शब्दांबरोबर हिंदू तत्त्वज्ञानातील कल्पनाही वाचकाच्या मनात नकळत शिरतात. ज्या बाईला संस्कृताचे वेड लहानपणापासून, तिनेच संस्कृत शब्द वेचून बाहेर काढावेत हा मोठा विलक्षण योग. पण संस्कृत किती जणींना पोचते हे तिच्याइतके कोणाला कळणार? आईने पाठ करून घेतलेले भागवत तिच्या कामी आले, कारण तिची आई शिकलेली होती. मुक्तिसदनात आलेल्या मुलींच्या आयांना अक्षरओळख नव्हती. निजामाच्या राज्यात, लातूर-नांदेडकडच्या खेड्यांत, त्या काळी वाचता येणाऱ्या स्त्रिया हजारांत मोजक्याच निघत. अशी बाई उतारवयात अक्षरे शिकली तर तिच्या हाती काय द्यावे, हा रमाबाईंपुढचा प्रश्न होता.

त्यासाठी त्या स्वतः पुन्हा विद्यार्थिनी झाल्या. इब्री व ग्रीक या दोन्ही भाषा त्यांनी शिकून घेतल्या. या अध्ययनास बहिरेपण आड आले नाही. उलट, बाहेरचा गलबला कमी झाल्याने मन टेबलापाशी अधिक ठरले असेल असे म्हणण्याचा मोह होतो. कोश, व्याकरणे आणि निरनिराळ्या भाषांतील प्रती पुढे पसरून एकेक वाक्य उतरावे, बायांना वाचून दाखवावे, कठीण शब्द बदलावा, मग छापखान्यात खिळे जुळवावयास द्यावे, आणि आलेली प्रुफे पुन्हा स्वतः तपासावीत. पंधरा वर्षांहून अधिक काळ हे चालले. एवढ्या मोठ्या आश्रमाचा कारभार त्याच वेळी त्यांच्या माथ्यावर होता.

मुक्तिसदनाच्या आवारात निरनिराळ्या आपत्तींतील स्त्रियांसाठी निरनिराळी सदने होती. फसविल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन, अंधांसाठी वेगळे घर, आणि म्हाताऱ्या व पंगू बायांसाठी प्रीतिसदन. मुलींच्या आश्रमाने म्हाताऱ्यांना घेण्याचे वास्तविक कारण नव्हते. दुष्काळी मुलखातून मुली वेचून आणताना म्हातारी माणसे मागे टाकणे हा त्या काळचा सर्वसाधारण नियमच होता. मुलगी वाढेल, शिकेल, काम करील. म्हातारीचा काय उपयोग? बाजरीच्या तुकड्यासाठी आईने धाडलेल्या मुलीला हा प्रश्न विचारण्यात अर्थ नव्हता. जी म्हातारी येई तिला जागा मिळे, अन्न मिळे, आणि झेपेल असे काहीतरी कामही मिळे.

या सर्व पसाऱ्याचा भार पुढे मनोरमाबाईंनी उचलावा, हे ठरल्यासारखे होते. मनोरमाबाई विलायतेत व अमेरिकेत वाढल्या, मुंबई विद्यापीठाच्या बी. ए. झाल्या, आईच्या शाळेचे काम पाहू लागल्या. १९१३ साली त्यांनी निजामाच्या राज्यात गुलबर्ग्यास मुलींसाठी शांतिसदन ही शाळा काढली. केडगावहून निघालेली तीच आगगाडी सोलापूरवरून गुलबर्ग्यास जाते. वाटेतल्या कुर्डुवाडीस बार्शी लाईटची अरुंद गाडी मिळे. तिचे लातूरचे टोक १९११ सालीच पुरे झाले होते. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातील व्यापारी पेठ, उदगीर व निलंगा बीदर जिल्ह्यात, आणि हा सगळा मराठी-कानडी सरहद्दीचा मुलूख मुलींच्या शाळांच्या बाबतीत ओसाडच होता. तेव्हा शांतिसदन म्हणजे केडगावच्या कामाचे मोगलाईत पडलेले पाऊल होते. आईच्या दृष्टीने ते स्वतःच्या नंतरचीही तरतूद होती.

ती तरतूद टिकली नाही. २४ जुलै १९२१ रोजी मनोरमाबाई मिरजेच्या इस्पितळात आईआधी गेल्या. त्यांचे वय अवघे चाळीस होते.

रमाबाईंच्या वयाला तेव्हा ६३ वर्षे झाली होती. ज्या स्त्रीने चोवीस वर्षांची होईतो आपली सगळी माणसे गमाविली, तिचे उरलेले एकच माणूस आता गेले. श्रद्धेविषयी बोलणे सोपे असते. ती असते की नाही हे अशा वेळी कळते. अनंतशास्त्र्यांनी आंधळ्या डोळ्यांनी मुलीला देवाच्या हाती दिले होते. आता तीच मुलगी, तितकीच थकलेली, आपली मुलगी त्याच हाती देत होती. बापाला तिच्यानंतर करावयाचे काही उरले नव्हते, म्हणून त्याने तीर्थाच्या पाण्याकडे पाहिले. मुलीपुढे प्रुफांचा ढीग होता. दोघांच्या श्रद्धेत कमीअधिक काय होते हे ठरविण्याचा अधिकार इतिहासकाराला नाही. दोघांच्या म्हातारपणात मात्र हा मोठा फरक होता.

कारभाराची व्यवस्था परदेशी सहकारिणींच्या हाती सोपवून त्या पुन्हा भाषांतराला लागल्या. पुढील आठ महिने प्रकृती झपाट्याने ढासळत गेली. अखेरचा भाग हातावेगळा होईपर्यंत आपल्याला दहा दिवस मिळावेत अशी त्यांनी प्रार्थना केली, आणि ते दहा दिवस त्यांना मिळाले, अशी आठवण मुक्तिसदनाच्या मंडळींत सांगत आले आहेत. संतचरित्रांत शोभावी अशी ती गोष्ट आहे. आकडा दहा असो की अकरा, काम संपले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी देह ठेविला, एवढे इतिहासाला मान्य आहे.

या भाषांतराचे पुढे काय झाले, हे सांगितल्यावाचून हकीकत पुरी होत नाही. मराठी ख्रिस्ती मंडळ्यांनी ते स्वीकारले नाही. उपासनेत सोसायटीचीच प्रत चालू राहिली, आणि रमाबाईंचे बायबल अभ्यासकांच्या व जुन्या घरांच्या कपाटात गेले. मूळ शब्दाला शब्द जोडण्याच्या अट्टाहासाने त्यांची वाक्ये जागोजाग अडखळतात, ही टीका खोटी म्हणता येत नाही. साध्या भाषेचा आग्रह आणि मूळाशी इमान, हे दोन्ही एकदम साधणे कोणत्याही भाषांतरकाराला कठीणच. याच्या शेजारी नाशिकच्या लक्ष्मीबाई टिळकांची आठवण येते. त्यांनीही वैधव्यात व उतारवयात लेखणी धरली. पती रेव्हरंड टिळक यांनी अर्धवट सोडलेले 'ख्रिस्तायन' पुरे करण्याचे व्रत घेतले, आणि 'स्मृतिचित्रे' लिहिली. त्या पुस्तकाला सर्व जातिधर्मांच्या मराठी घरांत आदराचे स्थान मिळाले. शाळेचे तोंड न पाहिलेल्या लक्ष्मीबाईंना जी सहज मराठी साधली, ती अठरा हजार श्लोक मुखोद्गत असलेल्या रमाबाईंना साधली नाही, यात विद्येची थट्टा आहे असे कोणाला वाटेल तर वाटो. लक्ष्मीबाई आपले आयुष्य सांगत होत्या. रमाबाई दुसऱ्याचे शब्द सांगत होत्या आणि त्यात आपला एकही शब्द मिसळू नये म्हणून धडपडत होत्या.

ग्रंथ स्वीकारला जाईल की नाही, याचा विचार करून त्यांनी तो केला असेल असे वाटत नाही. मान्यतेवर आपले काम टांगून ठेवण्याची सवय त्यांना १८९३ सालीच सोडावी लागली होती. रमाबाईंच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, १९२४ साली, संपूर्ण बायबल केडगावच्या छापखान्यातून बाहेर पडले. खिळे जुळविणाऱ्या, यंत्र चालविणाऱ्या, छापलेले कागद मोडून शिवणाऱ्या सगळ्या मुक्तिसदनातल्याच स्त्रिया होत्या.